वॉर्डातली मावशी

ऑक्टोबर जवळ आला की आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या मराठी विभागांकडे रुग्णालयांची पत्रे येऊ लागतात. संसर्ग प्रतिबंध सप्ताहानिमित्त कर्मचाऱ्यांसाठी घोषवाक्य, भित्तिपत्रक, रांगोळी, प्रश्नमंजूषा अशा स्पर्धा योजिल्या आहेत. परीक्षक म्हणून आपल्या विभागातील प्राध्यापक पाठवावेत. शक्य झाल्यास विद्यार्थ्यांचे एखादे पथनाट्यही बसवून द्यावे. या सप्ताहाची प्रथा मूळची अमेरिकेतली. तेथे ती १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या घोषणेने सुरू झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून ५ मे हा दिवस हातांच्या स्वच्छतेसाठी नेमला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी 'कायाकल्प' ही पुरस्कार योजना काढली आणि तिच्या गुणांकनात संसर्ग नियंत्रणाला जागा मिळाली. तेव्हा निमित्तांना तोटा नाही. गेली काही वर्षे आम्ही तिघे हे परीक्षण करीत आलो आहोत आणि त्यातून काही विचार मनात साचले आहेत. ते वैद्यकशास्त्राचे नाहीत; तो आमचा प्रांत नव्हे. ते भाषेचे आणि विनोदाचे आहेत, म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे मांडावेसे वाटले.

स्पर्धेत येणारी घोषवाक्ये काव्यदृष्ट्या कशी असतात हा प्रश्न गौण आहे. यमके ठरलेली असतात: 'स्वच्छता'ला 'दक्षता', 'आरोग्य'ला 'योग्य'. एकदा 'जंतू'ला 'परंतु' जुळवलेले आढळले, तेव्हा आम्ही एकमताने पहिले बक्षीस दिले. घोषवाक्यात 'परंतु' आला म्हणजे त्यात निदान विचार तरी शिरला. असो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. यांतली जवळजवळ सगळी वाक्ये आज्ञार्थी असतात. हात धुवा. मास्क लावा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नका. आज्ञार्थाला द्वितीय पुरुष लागतो. कोणीतरी कोणाला तरी सांगत असते. भिंतीवरच्या कागदात सांगणारा दिसत नाही आणि ऐकणाराही दिसत नाही. ज्याला रोज आज्ञा ऐकण्याची सवय आहे तो हीही आपल्यासाठीच आहे असे समजतो. ज्याला आज्ञा देण्याची सवय आहे तो ती इतरांसाठी आहे असे समजून पुढे जातो. रुग्णालयात आज्ञा वरून खाली उतरते. मोठ्या डॉक्टरांकडून निवासी डॉक्टरांकडे, त्यांच्याकडून सिस्टरकडे, सिस्टरकडून मावशी आणि मामांकडे, आणि मावशीकडून रुग्णाच्या नातेवाइकांकडे. भित्तिपत्रक या उतरणीवरून घरंगळत नेमके तळाशी जाऊन थांबते.

शब्दाने काही होत नाही असे मात्र कोणी समजू नये. अ‍ॅडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हात धुण्याच्या जागी त्यांनी वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एकीवर आशय असा, की हातांची स्वच्छता तुम्हाला रोगापासून वाचवते. दुसरीवर तेच वाक्य, फक्त 'तुम्हाला'च्या जागी 'रुग्णांना'. जेथे 'रुग्णांना' होते तेथे साबणाचा आणि जेलचा वापर सुमारे एकतृतीयांशाने वाढला. 'तुम्हाला' या शब्दाने फारसा फरक पडला नाही. रोज आजाऱ्यांमध्ये वावरणाऱ्या माणसाला आपल्याला काही होत नाही अशी खात्री वाटू लागते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. शैलीविज्ञान शिकवताना सर्वनामाच्या सामर्थ्याची उदाहरणे आपण कवितेतून देतो. हे उदाहरण साबणाच्या बाटलीत मोजता येते. आमच्याकडच्या स्पर्धांच्या नियमावलीत 'घोषवाक्य बारा शब्दांपेक्षा मोठे नसावे' असे असते. त्याऐवजी 'आज्ञार्थ चालणार नाही, आणि रुग्णाचा उल्लेख हवा' एवढा एकच नियम ठेवला तरी स्पर्धेचा दर्जा पालटेल.

पण मूळ गृहीतकच तपासायला हवे. या सगळ्या उपक्रमांचा घोषित हेतू 'जागरूकता वाढवणे' असा असतो. जागरूकता वाढवायची म्हणजे ती नाही, लोक अजाण आहेत, असे आधी धरावे लागते. संसर्ग हातांनी पसरतो हे न जाणणारा डॉक्टर कोठे असेल? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करणे आवश्यक असलेल्या प्रसंगांपैकी जेमतेम ४८ टक्के प्रसंगी ते केले जात होते. युरोपातल्या एका नामांकित शिक्षण रुग्णालयाची ही गोष्ट. तेथे अज्ञान नव्हते. होती ती घाई, बेसिनपर्यंतचे अंतर आणि अंगवळणी पडलेली वहिवाट. त्यांनी खाटेशेजारी अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले, आणि भित्तिपत्रकांचे काम वॉर्डातल्या माणसांवरच सोपवले. कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या कल्पनांवर व्यंगचित्रकाराने चित्रे काढली. ती भिंतींवर लागत आणि वरचेवर बदलत. 'बोलक्या भिंती' असेच त्या उपक्रमाचे नाव होते. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर उतरले. इतक्या साध्या उपायांनी इतका फरक पडला म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. मात्र त्याच अहवालात एक अवघड वाक्यही आहे: सुधारणा झाली ती परिचारिका आणि साहाय्यकांमध्ये, डॉक्टरांचे वर्तन होते तसेच राहिले.

मौजेच्या उपक्रमांची योजना करणाऱ्यांनी या वाक्यापाशी थांबले पाहिजे. व्यंगचित्रे होती, द्रावण हाताशी होते, आणि तरी ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांच्यातल्या सर्वांत वरच्या माणसापर्यंत ती मौज पोचली नाही.

या विषयाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ झेमेलवाइस यांनी पाहिले, की वैद्यकाचे विद्यार्थी जेथे शिकत त्या प्रसूतिकक्षात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुईणींच्या कक्षातल्यापेक्षा कितीतरी अधिक. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केल्यावर एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका दगावत होत्या तेथे जून-जुलैत एक-दोनच दगावू लागल्या. एवढा पुरावा हाती असूनही त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत व्यवसायाने स्वीकारले नाही. याची कारणे अनेक आहेत, जंतूंचा सिद्धान्त अजून मांडला जायचा होता हे त्यांतले मोठे. परंतु भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून एक गोष्ट सुटू नये. आपले म्हणणे लिहून काढायला त्यांना १८६१ उजाडले, आणि नंतर विरोधी प्राध्यापकांना उद्देशून त्यांनी जी जाहीर पत्रे लिहिली त्यांत त्यांना खुनी ठरवले. १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. 'तुझे हात घाण आहेत' हे वाक्य प्रतिष्ठित माणसाला अपमान न वाटता कसे सांगायचे, हा प्रश्न तेव्हापासून पडलेलाच आहे. वैद्यकशास्त्राने साबणाचा प्रश्न सोडवला. वाक्याचा सोडवला नाही.

आता मौजेकडे येऊ. मराठी समीक्षेत 'शर्करावगुंठित गोळी' हा शब्दप्रयोग आपण बोधवादी साहित्याला हिणवण्यासाठी वापरत आलो. कडू उपदेशाला वरून करमणुकीची साखर. रुग्णालयांतले मौजेचे उपक्रम बहुधा याच समजुतीने आखले जातात: माहिती रुक्ष आहे, तेव्हा ती शब्दकोड्यातून, सापशिडीतून, अंताक्षरीतून द्यावी. त्यांत वाईट काही नाही. दुपारी तीन वाजता सभागृहात जमलेल्या परिचर्या महाविद्यालयाच्या मुली सापशिडी उत्साहाने खेळतात आणि हसतात. पण त्या तर नुकत्याच हे सगळे शिकलेल्या असतात. ज्या मावशी त्या वेळी वॉर्डात लादी पुसत असतात त्या सभागृहात नसतात. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असल्याने त्यांची नावे स्पर्धकांच्या यादीतही नसतात. मोठे डॉक्टरही नसतात, कारण ते बक्षीस वितरणाला प्रमुख पाहुणे म्हणून यायचे असतात. मौज मधल्या मजल्यावर होते.

लोकपरंपरेत मौजेचे काम याहून मोठे होते. एकनाथांच्या भारुडात महार बोलतो, जोगी बोलतो, आंधळा आणि बहिरा बोलतात. ज्यांना एरवी सभेत तोंड उघडण्याची मुभा नव्हती त्यांच्या तोंडून शहाण्यांना चार गोष्टी ऐकवल्या जातात, आणि शहाणे हसत ऐकून घेतात. तमाशातला सोंगाड्या पाटलाची, कुलकर्ण्याची, प्रसंगी राजाची टर उडवतो. ती टर क्रांती करीत नाही, हे खरे. दुसऱ्या दिवशी पाटील पाटीलच असतो. पण तेवढ्या वेळापुरते वरच्याला खालच्याचे ऐकावे लागते, आणि जे एकदा सर्वांसमक्ष बोलले गेले ते पुढे बोलायला सोपे जाते. कामाच्या ठिकाणी मौज हवी ती याच्यासाठी, असे आमचे म्हणणे आहे. माहिती गोड करण्यासाठी ती खर्ची घालणे म्हणजे तलवारीने भाजी चिरणे होय.

वॉर्डातल्या मराठीकडे नीट कान दिला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तेथे सगळे एकमेकांचे नातलग आहेत. परिचारिका 'सिस्टर', पुरुष परिचारक 'ब्रदर', सफाईचे आणि रुग्णाला उचलण्या-बसवण्याचे काम करणाऱ्या बाया 'मावशी', वॉर्डबॉय 'मामा'. अख्ख्या वॉर्डात नाते नसलेला माणूस एकच: डॉक्टर. ते 'सर' किंवा 'मॅडम'. विशीतला शिकाऊ डॉक्टर पन्नाशीच्या बाईला 'मावशी, इकडे या' म्हणतो तेव्हा त्यात आदर असतो, जिव्हाळाही असतो, नाही असे नाही. पण मराठी घरात मावशी म्हणजे कोण? 'माय मरो पण मावशी उरो' असे आपली म्हण सांगते. आईच्या खालोखाल लाड करणारी आणि आईच्या खालोखाल रागावणारी. जेवायला बसलेल्या भाच्याला 'हात धुतलेस का रे?' असे विचारायला घरातल्या मावशीला कोणाची परवानगी लागत नाही. वॉर्डातल्या मावशीला नाते मिळाले. त्या नात्यातला रागावण्याचा हक्क मात्र मिळाला नाही.

मग ती काय म्हणते? आम्ही हा प्रश्न काही वॉर्डांत विचारून पाहिला. सिस्टर आणि मावशी यांची जी वाक्ये ऐकायला मिळाली ती पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी आहेत. 'सर, पाणी येतंय हं बेसिनला.' 'मॅडम, नवीन बाटली ठेवलीय सॅनिटायझरची.' 'सर, ग्लोव्हज काढून देऊ?' एकाही वाक्यात 'हात धुवा' नाही. सगळी वाक्ये वस्तूविषयी आहेत, माणसाविषयी एकही नाही. मराठीला कर्मणी आणि भावे प्रयोगाची सोय आहे, तिचाही आसरा घेतला जातो: 'हात धुवायचे राहिले वाटतं.' कोणाचे राहिले ते वाक्य सांगत नाही. एक अनुभवी मावशी तर फक्त 'सर...' म्हणून थांबतात आणि बेसिनकडे पाहतात. हा संकोच म्हणजे अडाणीपणा नाही. अतिशय तरबेज भाषिक व्यवहार आहे. पण घाईच्या वेळी, सलाईनची सुई टोचली जाण्याच्या आधीच्या दोन क्षणांत, एवढे आडवळण घ्यायला सवड नसते. मग मावशी गप्प राहते.

ही गप्पी सुटली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट यांनी राबवलेल्या उपक्रमाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची छोटी यादी त्यांनी केली. हात धुणे ही त्यांतली एक. यादीत नवे काही नव्हते. नवे होते ते असे, की आणीबाणीचा प्रसंग नसेल आणि डॉक्टरने यातले काही गाळले तर त्याला तेथेच थांबवायचे, आणि थांबवणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी व्यवस्थापनाने उभे राहायचे. शंभरावर विभागांत मिळून नळीवाटे रक्तात शिरणाऱ्या संसर्गाचा मध्यक दर, नळी असलेल्या दर हजार दिवसांमागे २.७ होता तो, तीन महिन्यांत शून्यावर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी यादी दिली तीतही, छेद घेण्याआधी उपस्थितांपैकी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे असे कलम आहे. वरवर पाहता हा उपचार वाटतो. पण एकदा स्वतःचे नाव उच्चारलेला माणूस पुढे काही खटकले तर बोलण्याची शक्यता अधिक, हा त्यामागचा विचार आहे. नाट्यशिक्षणात पहिल्या दिवशी आपण विद्यार्थ्यांकडून दुसरे काय करून घेतो?

अमेरिकेतल्यासारखा आदेश काढून आपल्याकडे हे साधेल असे आम्हांला वाटत नाही. आदेशाने अधिकार मिळतो, वाक्य मिळत नाही. ते वाक्य मिळवून देण्यासाठी उपक्रम हवेत, आणि येथे तमाशाची गवळण मदतीला येते. गवळणीत मावशी नावाचे एक पात्र असते. बहुधा पुरुष ते वठवतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालते ती मावशी. समोर साक्षात देव उभा आहे याची तिला पर्वा नसते. रुग्णालयाच्या पथनाट्यात आमच्या विद्यार्थ्यांनी हेच उलटे करून पाहिले: वॉर्डाच्या दारात मावशी वाट अडवते आणि सगळ्या लवाजम्यासह राउंडला निघालेले मोठे डॉक्टर कृष्णाच्या सबबी सांगतात. मावशीचे काम एका निवासी डॉक्टरने केले आणि डॉक्टरांचे काम खऱ्या मावशींनी. लुगडे नेसलेला तो डॉक्टर विनोदी दिसलाच. पण खरी रंगत आली ती मावशींनी डॉक्टरांच्या सबबी हुबेहूब उच्चारल्या तेव्हा. 'आत्ताच धुतलेत.' 'मी कुठं हात लावलाय, नुसतं बघतोय.' 'अहो, तिकडं पेशंट गेला तर?' या संहिता आमच्या मुलांनी लिहिल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेल्या होत्या.

त्यानंतर त्या वॉर्डाने ठरवलेली खूण आम्हांला फार आवडली. कोणी हात न धुता खाटेकडे वळले की 'मावशी आली' एवढेच म्हणायचे. कोणीही, कोणालाही. त्यात आज्ञार्थ नाही, द्वितीय पुरुष नाही, तू-तुम्ही-आपण यांचा पेच नाही. हसू येते आणि हात बाटलीकडे जातो. अशी खूण बाहेरच्या परीक्षकाने सुचवून चालत नाही, दुसऱ्या वॉर्डाची उसनी घेऊनही चालत नाही. ती त्या त्या वॉर्डाच्या हसण्यातून निघावी लागते. 'आपल्या वॉर्डाचा शब्द शोधा' हाच सप्ताहाचा मुख्य खेळ ठेवावा, आणि तो पाळी बदलताना दहा मिनिटे खेळावा, रात्रपाळीसह. सभागृह लागत नाही, दीपप्रज्वलन लागत नाही.

दुसरा एक खेळ सर्वांना सुचवावासा वाटतो, तो दिव्याचा. अतिनील प्रकाशात चमकणारे मलम हाताला चोळायचे, नेहमीसारखे हात धुवायचे आणि अंधाऱ्या पेटीत दिव्याखाली धरायचे. अंगठा, बोटांची टोके, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या येथे ते हमखास राहिलेले दिसते. अंगठीखाली, बांगड्यांच्या मागे आणि मनगटावरच्या दोऱ्यात तर ठळक. या खेळाची थोरवी अशी, की दिव्याला हुद्दा कळत नाही. प्राध्यापक असलेल्या शल्यविशारदाचा अंगठा आणि मामांचा अंगठा शेजारी शेजारी चमकतात. कोणाला काही सांगावे लागत नाही; झेमेलवाइसला जे वाक्य सापडले नाही ते दिवा उच्चारतो. प्रमुख पाहुण्यांना बोलवायचेच असेल तर भाषणासाठी नको, सर्वांत आधी पेटीत हात घालण्यासाठी बोलवावे.

कचऱ्याच्या पिशव्यांचा खेळही बरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. नवखा माणूस रक्त लाल म्हणून कापूस लाल पिशवीत टाकायला जातो. रंगांचे संकेत किती खोल रुजलेले असतात हे ज्यांना चिन्हमीमांसेच्या तासाला पटत नाही त्यांनी हा खेळ पाहावा.

आणि ओवी. २०२० मध्ये वाढदिवसाचे इंग्रजी गाणे दोनदा म्हणत हात धुवावेत अशी सूचना सर्वत्र फिरली, कारण त्याला सुमारे वीस सेकंद लागतात. द्रावण चोळायला वीस ते तीस सेकंद हवेत असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हाताच्या कामाला गाण्याचे माप लावणे मराठी बाईला कोणी शिकवायला नको. गी पॉइटवॅ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाहून अधिक भरतात. त्या सगळ्या हात फिरत असताना म्हटलेल्या आहेत. मावशींना आपल्या आईची एखादी ओवी आठवायला सांगावी आणि ती सावकाश म्हणत हात चोळून पाहावेत. आम्ही घड्याळ लावून पाहिले; ओवी एकदा म्हणून भागत नाही, दोन लागतात. दुसरी आठवायला थोडा वेळ जातो, तोही कामी येतो.

हे सगळे करताना एक जोखीम आहे आणि ती लहान नाही. बेसिनला पाणी नसेल, साबण संपलेला असेल, हात पुसायला एकच ओला पंचा लटकत असेल, तर विनोद खालच्या माणसाची थट्टा होऊन बसतो. गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) कीर्तनाची प्रश्नोत्तरी पद्धत या उपक्रमांतले वक्ते पुष्कळदा उचलतात; श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. पण बाबा गावात आल्यावर आधी खराटा घेत आणि गाव झाडून काढत. कीर्तन संध्याकाळी. हा क्रम कोणी उचलत नाही. सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात अधीक्षकांनी वॉर्डावॉर्डांतून फिरून किती नळांना पाणी आहे आणि किती खाटांशी बाटली आहे ते मोजावे, हा कार्यक्रमपत्रिकेतला पहिला कार्यक्रम असावा; त्याला हवे तर 'खराटा' असे नाव द्यावे.

संसर्ग नियंत्रण हा शब्द आपल्या प्रदेशात पहिल्यांदा कोणत्या सुरात ऐकला गेला तेही विसरता येत नाही. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये रँडच्या सैनिकांनी घरोघर शिरून केलेली झडती, त्याच वर्षीचा साथरोग कायदा, आणि जूनमध्ये रँडवर झाडलेली गोळी. आरोग्याचा हुकूम आणि अपमान यांची गाठ तेव्हा पडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या. संसर्गाशी झुंजण्याची दुसरी भाषाही त्याच शहरात, त्याच महिन्यांत बोलली जात होती. मार्च २०२० मध्ये दूरध्वनीवर प्रत्येक वेळी खोकल्याचा आवाज आणि सूचना ऐकू येऊ लागल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यात लोकांनी त्या ऐकल्या आणि नंतर त्या संपण्याची वाट पाहिली. सक्तीने ऐकवलेल्या आज्ञार्थाचे आयुष्य एवढेच असते.

आमच्या भूमिकेवर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. रुग्णालय ही हसण्याची जागा नव्हे. शेजारच्या खाटेवर माणूस कण्हत असताना कर्मचाऱ्यांनी गवळण रंगवावी हे शोभत नाही. शोभत नाहीच. म्हणून खेळ वॉर्डाबाहेर, पाळीच्या सांध्यावर, आणि वॉर्डात फक्त तो शब्द. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हांला वेगळेच सुनावले: थट्टेने दरारा जातो आणि दरारा गेला की शिस्त जाते. यावर आमचे उत्तर असे, की दराऱ्याने टिकलेली शिस्त डॉक्टरांची पाठ वळेपर्यंत टिकते, आणि हात धुण्याचे बहुतेक प्रसंग कोणाचीच नजर नसताना येतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे काम आहे. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी तेच चार कवी आणि त्याच सहा कादंबऱ्या निवडल्या जातात. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी एखाद्या रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन, रुग्णांची कोणतीही ओळख न टिपता, वॉर्डातली केवळ विनंतीची आणि सूचनेची वाक्ये गोळा करावीत: कोणी कोणाला, कोणत्या प्रयोगात, कोणत्या सर्वनामाने. दोनशे वाक्ये जमली तरी एक चांगला प्रबंधिका-विषय होतो. आमच्या विभागात या वर्षी दोघींनी हा विषय घेतला आहे. त्यांची पहिली अडचण अशी आली, की मावशी वहीसमोर नेहमीसारख्या बोलत नाहीत, 'प्रमाण' बोलू लागतात. तेव्हा वही पिशवीत ठेवून आधी आठवडाभर नुसते पाट्या-खुर्च्या हलवायला मदत करा, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.